शेवटची कधी ओढलीत

रविवार, २ फेब्रुवारी

दूध गॅसवर होतं, इस्त्री तापली होती, कपडे बादलीत भिजत होते आणि मी ह्यांच्या शर्टाची कॉलर दाबत उभी होते. गॅलरीत हे आणि भावजी खुर्च्या टाकून बसलेले. एकाच काडीवर दोघांची सिगरेट पेटायची. दुसरी काडी ओढणं दोघांनाही उधळपट्टी वाटे. भावजी लिफ्टच्या मोटारीबद्दल काहीतरी सांगत होते आणि हे त्यांना "तुला काय कळतंय" म्हणत होते. लिफ्टची दुरुस्ती आयुष्यभर भावजींनी केली, हे आयुष्यभर ऑफिसात बसले, तरी. मी आतून म्हटलं, "दार लोटा, धूर आत येतोय." कुणी लोटलं नाही. मी कॉलर उलटी केली तेवढ्यात दूध उतू गेलं.

एवढंच. त्या सकाळी काही घडलं नाही. तरी आज काम करताना तीच आठवत राहिली आणि जी शिवण उसवायची ती सोडून मी चांगली शिवण उसवून ठेवली. आता गिऱ्हाइकाला काय सांगू.

हे जाऊन चौथं वर्ष चालू आहे. जिन्यात धाप लागली म्हणून बसले ते उठलेच नाहीत. हृदय. त्याआधी कसला आजार म्हणून नव्हता. आता घरात मी, माझं शिलाई मशीन आणि भावजी, ह्यांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. आयतं ताट मिळतंय तर कशाला, म्हणायचे. गेल्या महिन्यात त्यांच्या घशात, स्वरयंत्रावर, कॅन्सरची गाठ निघाली. उद्यापासून लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, द्यायला सुरुवात. आठवड्यातले पाच दिवस, असं सहा-सात आठवडे.

मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत कागदावरून मान वर न करता विचारलं होतं, "सिगरेट सोडली ना?" भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, त्याच दिवशी." डॉक्टर पुढच्या ओळीवर गेले.

सोडलेली नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आमची पद्धत बसली आहे. सकाळी भावजी घरच्या शर्टात गॅलरीत बसून ओढतात. मग दात घासायचे, गुळण्या, हातांना साबण. मग दवाखान्याचा शर्ट. तो मी धुऊन, इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवते, त्यांच्या नाही. निघताना जवळ जाऊन वास घेते.

"वहिनी, पोलिसातला कुत्रा पण इतकं हुंगत नाही," भावजी म्हणाले.

"कुत्र्याला पगार असतो," मी म्हटलं.

हे सगळं का, तर पहिल्याच दिवशी बाकावर शेजारी बसलेल्या निळ्या शालवालीनं मला सांगितलं. तिच्या नवऱ्यालाही लाईट चालू आहे. ती म्हणाली, "ओढतोय असं कळलं ना, की नाव कापतात. म्हणतात, आम्ही इकडून विझवायचं आणि तुम्ही तिकडून पेटवायचं, मग आमचा वेळ का घालवता." कुणाचं नाव कापलेलं तिनं पाहिलं, ते मी विचारलं नाही. तोंडचं पाणी पळालं होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दवाखान्यात एक माहितीपुस्तिका मिळाली ती वाचली. वाचायला मी लग्नानंतर शिकले, सामान बांधून आलेल्या कागदांवर, त्यामुळे छापलेलं काहीही हाती आलं की शेवटच्या ओळीपर्यंत जाते. तोंडाची काळजी, पाणी, मऊ जेवण, सगळं नीट दिलंय. शेवटून दुसरी ओळ: "धूम्रपान टाळावे." टाळावे म्हणजे काय? नको असलेला पाहुणा आहे का टाळायला? कसं टाळायचं त्यावर एक अक्षर नाही.

भावजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "लिफ्टमध्ये पण पाटी असते. जास्त माणसं चढू नयेत. सगळे वाचतात आणि चढतात."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर रजेवर गेलेत. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई. केस मागे बांधलेले, पायात कॅनव्हासचे बूट. खुर्ची टेबलामागून ओढून पुढे आणली आणि भावजींच्या समोर बसल्या. घसा बघितला, वजन बघितलं, गिळताना कुठं टोचतं ते विचारलं. आणि त्याच आवाजात, जसं गिळण्याचं विचारलं तसंच, म्हणाल्या, "काका, शेवटची सिगरेट कधी ओढलीत? आज सकाळी, की काल?"

मी गारच पडले. असं कुणी विचारतं का. सोडली की नाही, हे विचारतच नाहीत. भावजींनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सोडली त्यांनी. महिना होत आला."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. रागानं नाही. म्हणाल्या, "छान. पण मी हे दर आठवड्याला विचारणार आहे, काकू. सगळ्यांनाच विचारते. आणि मध्ये कधी ओढली गेली तरी उपचार बंद होत नाहीत. मला माहीत असलं तर मी काहीतरी करू शकते, एवढाच फरक."

परत येताना भावजी बसमध्ये म्हणाले, "चांगली वाटली मुलगी."

"गोड बोलून काढून घ्यायची रीत असते," मी म्हटलं. "तुम्ही गप्प बसा. घसा दुखतो ना, मग दुखू द्या आणि गप्प बसा."

चुकीचं बोलले असेन. पण नाव कापलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पाकीट मीच आणते. भावजींना तीन जिने चढायला लावायचे का? कोपऱ्यावरचा दुकानदार आता न विचारता काढून ठेवतो. ह्यांची जी होती तीच. आज म्हणाला, "काकू, तुम्ही काय व्यसनी झालात." मी म्हटलं, "हो, तुझ्या दुकानाचं व्यसन लागलंय, उधारी मिळते का बघायला येते."

काल भावजींना सकाळी बरं नव्हतं, गॅलरीत आले नाहीत. मला दिवसभर चैन पडलं नाही. चहा करून दाराशी उभी राहिले आणि चहा तसाच गार झाला. मशीनवर बसले तर सुई मोडली. त्यांच्या तब्येतीची काळजी, दुसरं काय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

इतके दिवस लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं आणि वहीला हात पण लागत नव्हता. भावजींचं तोंड आतून सोलून निघालंय. पाणी गिळतानासुद्धा डोळ्यांतून पाणी येतं. आवाज बसून अगदी पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा झालाय. मी सगळं पातळ करून देते, ते चमचाभर घेतात आणि भांडं सरकवतात. तरी सकाळी गॅलरीत जातात. ओढताना दुखतं, तरी ओढतात. मी काडी लावून देते.

आज लाईटच्या मशीनवरचा माणूस बाईंना म्हणाला, "इतक्या लवकर इतकं व्हायला नको होतं." बाईंनी बॅटरीनं घसा बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "असंच राहिलं तर मला काही दिवस लाईट थांबवावी लागेल. आणि थांबवणं मला अजिबात नकोय. मध्ये खंड पडला की गाठीला उसंत मिळते."

मग त्याच आवाजात, "काका, शेवटची कधी ओढलीत?"

मी तोंड उघडलं. भावजींनी हात आडवा केला. माझ्यासमोर त्यांनी असा हात कधी केला नव्हता. त्या फाटक्या आवाजात म्हणाले, "आज सकाळी. दोन."

मी डोळे मिटून घेतले. आता कापतील नाव.

बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. हे सांगायला अवघड असतं, मला माहीत आहे."

मग बोलत राहिल्या. त्या वेळी अर्धं कळत होतं, आता आठवून लिहिते. धूर जखम भरू देत नाही. धुरामुळे गाठीपर्यंत प्राणवायू नीट पोचत नाही आणि मग लाईटचा मार कमी बसतो. "म्हणजे आता सोडून काय उपयोग, असं वाटत असेल ना? उलट आहे. आत्ता सोडलेल्याचा उपयोग आत्ताच सुरू होतो." भावजी म्हणाले, "चाळीस वर्षं ओढली. बटण दाबलं आणि थांबली, अशी मशीन नाही मी." बाई म्हणाल्या, "म्हणून तर नुसतं सोडा म्हणत नाही. नुसतं सोडा म्हणणं म्हणजे गाठ आहे, ती काढून टाका म्हणण्यासारखं. औषध आहे त्याला."

निकोटीनची पट्टी देणार आहेत, दंडावर लावायची, रोज जागा बदलून. चघळायची गोळी तोंडामुळे नको. वर एक पोटात घ्यायची गोळी. आणि दिवस ठरवायचा. उद्याचा नाही, पुढच्या सोमवारचा, तोवर गोळी अंगात भिनेल. तोवर जमेल तितक्या कमी करायच्या. सोमवारनंतर बाई स्वतः फोन करणार.

मी धीर करून विचारलं, "मग नाव?"

"कसलं नाव?"

"लाईटच्या यादीतलं. ओढणाऱ्याचं कापतात ना."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "काकू, कुणी सांगितलं हे तुम्हाला? आम्ही कुणाचंही नाव कापत नाही." मग थोड्या वेळानं, "किती दिवस घाबरून होतात?"

मी पिशवी आवरायला लागले. मग त्या जाता जाता म्हणून विचारू लागल्या, घरात आणखी कोण ओढतं, पूर्वी कोण ओढायचं. मी म्हटलं, माझे हे ओढायचे, पण ते ह्यानं गेले नाहीत, हृदयानं गेले. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलणार होत्या असं वाटलं. बोलल्या नाहीत. का ते कळलं नाही.

बाहेर निळ्या शालवाली बसली होती. मी तिच्याशी बोलले नाही. उद्या बोलेन. आज बोलले असते तर भांडले असते.

सोमवार, ३ मार्च

आज ठरलेला दिवस. सकाळी भावजींनी दंडाला पट्टी लावून घेतली आणि म्हणाले, "पंक्चर काढलं."

राखेची वाटी मी घासून पालथी घातली. दवाखान्याचा शर्ट आता वर्तमानपत्रात गुंडाळायची गरज नाही. निळ्या शालवालीला सगळं सांगितलं शुक्रवारीच. ती म्हणाली, "मला काय माहीत, मला पण कुणीतरी सांगितलं." आज तिचा नवरा आत बाईंकडे बराच वेळ होता.

गुरुवार, ६ मार्च

भावजी म्हणजे उघड्यावर पडलेली तार झालेत. हात लावायची सोय नाही. काल भांडं का वाजलं, म्हणून बोलले. आज भांडं का वाजलं नाही, मी त्यांच्यासाठी हळू चालतेय का, म्हणून बोलले. "मी काय काचेचा आहे?" मी म्हटलं, "काचेचे असतात तर एव्हाना फुटून मोकळे झाला असतात." मग ते हसले आणि हसल्यामुळे घसा दुखला आणि परत माझ्यावर चिडले.

बाईंचा फोन आला. त्यांच्याशी मात्र साखर. "हो डॉक्टर, नाही डॉक्टर, हुक्की येते, पण जाते." बाईंनी सांगितलंय, हुक्की आली की थोडा वेळ दुसरं काहीतरी करायचं, ती लाटेसारखी असते, ओसरते. भावजींनी घरातलं प्रत्येक बिजागर तेल घालून ठेवलंय. आता कुठलंच दार वाजत नाही. घर इतकं मुकं झालंय की मला सहन होत नाही.

तोंड जरासं बरं आहे. लाईट थांबवावी लागली नाही. ह्यानं मला आनंद व्हायला हवा, झालाही. पण सकाळी उठवत नाही. उठले तरी काय करायचं ते सुचत नाही. चहाला चव नाही. पावडर बदलली का पाहिलं, तीच आहे.

रविवार, ९ मार्च

एक पाकीट राहिलं होतं. सोमवारी मी ते टाकलं नाही, बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलं. भावजींना फारच असह्य झालं तर घरात असावं, म्हणून. आज दुपारी बटण शोधताना हाती लागलं. उघडलं, वास घेतला, परत ठेवलं. मग पुन्हा उघडलं. मग जाऊन गॅलरी धुऊन काढली, दोनदा.

बुधवार, १२ मार्च

दवाखान्याच्या शर्टाचं बटण तुटलं. भावजींना वाटलं, वहिनी कामात आहेत, आपणच लावू. डबा उघडला.

मी गिऱ्हाइकाचे कपडे पोचवून आले तर जिन्यातच वास आला. आणि काय सांगू, पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. पाय भरभर चढले. दार उघडलं तर भावजी गॅलरीत बसलेले, हातात अर्धी, आणि रडत होते. मी त्यांना रडताना हे गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"सगळं पाण्यात गेलं, वहिनी. उद्या त्या मुलीला काय तोंड दाखवू."

मी उरलेलं पाकीट उचलून संडासात टाकलं आणि पाणी सोडलं. ते मीच ठेवलं होतं, हे म्हटलं नाही. ते मला विचारत पण नव्हते.

गुरुवार, १३ मार्च

भावजींनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "एक ओढली?" "एक आणि अर्धी." "मग उरलेलं पाकीट?" "वहिनींनी संडासात टाकून पाणी सोडलं." "म्हणजे विसातल्या दीड. काका, घसरणं आणि पडून राहणं वेगळं. आज पट्टी लावलीय ना? झालं तर मग, आपण कालच्यापासून मोजत नाही, त्या ठरलेल्या सोमवारपासूनच मोजतो." भावजींच्या खांद्यावरून कुणी पोतं उतरवावं तसे ते झाले. बाई पुढे म्हणाल्या, "कुठल्या वेळी जड जातं?" "सकाळची पहिली, चहाबरोबर." "मग ती वेळ त्या जागी घालवू नका. उठलात की बाहेर पडा."

ते लाईटला आत गेले तशी मीच बाईंकडे परत गेले. म्हटलं, "पाकीट मी ठेवलं होतं."

"काकांसाठी?"

"हो."

त्या गप्प. ही त्यांची वाईट खोड आहे, गप्प बसतात आणि समोरच्याला बोलावं लागतं.

मी म्हटलं, "सकाळी तो वास आला की घरात माणसं असल्यासारखं वाटतं. दोन."

त्या "हं" एवढंच म्हणाल्या. मग मी जे विचारलं ते कसं विचारलं कोण जाणे. "माझे हे हृदयानं गेले. त्याचा आणि सिगरेटचा काही संबंध असतो?"

बाई म्हणाल्या, "मी त्यांना तपासलेलं नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तुम्ही खरं विचारलंत. संबंध असतो, काकू. सिगरेटनं हृदयाच्या नळ्याही खराब होतात."

मी "बरं" म्हटलं आणि बाकावर येऊन बसले. समोरच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, ते बंद होतं की मी वेळ बघत नव्हते, सांगता येत नाही. मला ह्यांचा राग आला. गेल्यापासून पहिल्यांदा. इतका आला की पिशवीचा बंद हातातच तुटला. खाली बसून जिन्यात दम घेणारे हे, आणि त्याआधीच्या सगळ्या सकाळी जिना चढून आल्यावर आधी सिगरेट शोधणारे हे.

बसमध्ये मी भावजींना सांगितलं. पाकिटाचं आणि बाई काय म्हणाल्या त्याचं. 

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "दादाच्या वेळी तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तुम्हाला कोण सांगणार? तुमची तेव्हाची अवस्था."

"आणि माहीत असून तुम्ही ओढत राहिलात?"

"मला आवडायची, वहिनी. खोटं कशाला बोलू." मग घसा सांभाळत, थांबून थांबून, "आणि सकाळी मी पेटवली की तुम्ही कप घेऊन दाराशी यायचात. थोडा वेळ उभ्या राहायचात. एरवी दिवसभर मशीनच्या आवाजात. मला वाटायचं, चला, तेवढ्या वेळ तरी."

बस पुढच्या थांब्याला लागली. मग मी म्हटलं, "आपण दोघंही बिनडोक आहोत."

"खानदानी," भावजी म्हणाले. "तुम्ही लग्न करून आलात, आम्ही जन्मापासून."

शनिवार, १५ मार्च

लाईटचे आता थोडेच दिवस राहिलेत. गाठ गेली की नाही ते नंतर तपासून कळेल. बाई आश्वासन देत नाहीत, मीही मागितलं नाही.

काल सकाळी मी उजाडताच उठले. गॅस लावला नाही. भावजींच्या दारावर थाप मारली आणि म्हटलं, चपला घाला. ते पट्टी बदलून आले. आम्ही जिना उतरलो, दुकान अजून उघडलं नव्हतं, त्याच्यासमोरून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेलो. ते दोनदा थांबले, मी एकदा. मग परत आलो आणि मी चहा केला.